ब्रिक्स

पिंपळगावच्या पॅकहाउसात एकवीस वर्षं
मी द्राक्षाची गोडी मोजते.
मणी चिरडायचा, थेंब काचेवर,
झाकण मिटायचं, डोळा उजेडाकडे:
वर निळं, खाली पांढरं.
मधली रेघ अठरावर आली की म्हणायचं, काढा.
सोळावर असली तर, राहू द्या चार दिवस.
माझ्या शब्दावर कात्र्या चालतात.

परवा ड्यूटीवरून थेट कॉलेज रोडला,
डॉक्टर कासलीवालांनी माझंच बोट टोचलं.
थेंब पट्टीवर. पाच, चार, तीन…
दोनशे बासष्ट.
मी सवयीनं बोलून गेले, "काढणीला आली."
त्या हसल्या नाहीत.
"हात धुतले होते?"
नव्हते. बोटांवर सकाळपासूनचा थॉमसनचा रस.
साबण लावून आले, दुसरं बोट पुढं केलं.
दोनशे चौदा.
म्हणजे अठ्ठेचाळीस द्राक्षाचे,
बाकीचे माझे.

"पण मी तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेते."
त्या म्हणाल्या, घरी जाऊन कोरडी भाकरी चावा,
गिळू नका, चावत राहा.
रात्री ओट्याशी उभी राहून चावली.
वीस, पंचवीस…
तिसाव्याला तोंडात गोड काहीतरी उमटलं,
चोरून आल्यासारखं.

तेव्हा कळलं, पीठ म्हणजे
हात धरून रांगेत उभी असलेली साखर.
लाळ लागली की हात सुटतात.
भगर तीच, पोहे तेच,
मखमलाबाद रोडच्या मिसळीवरचा तिसरा पाव तोच,
आणि संकष्टीचा साबुदाणा!
देवासाठी उपाशी राहिले म्हणून
वाटीवर वाटी ज्याची खाल्ली, तो तर
नुसती रांगच होता, दुसरं काही नाही.

मला माझ्या भाषेतच समजतं.
रक्त म्हणजे गेटपर्यंतचा रस्ता,
घासाघासाला गाड्या येतात.
इन्सुलिन म्हणजे आमचा रंगनाथ:
शिट्टी मारतो, शटर वर जातं, माल आत.
यकृताची खोली लहान, स्नायूंची मोठी,
मावेना ते पोटाच्या घेरात, कायमच्या मुक्कामाला.
आता रंगनाथ शिट्टी मारून मारून घामाघूम,
शटरं ऐकत नाहीत.
गाड्यांची रांग हायवेपर्यंत, माल उन्हात,
आणि आतली माणसं उपाशी.
म्हणून दुपारी चारला माझे हात थरथरायचे
आणि मी चिवड्याचा डबा उघडायचे,
म्हणजे आणखी चार गाड्या.

तीन महिन्यांचा रिपोर्ट आला, आठ पूर्णांक चार.
तांबडी पेशी जगते एकशेवीस दिवस,
वाटेत भेटलेली साखर अंगाला चिकटवत.
ऑक्टोबर छाटणी ते काढणी, जवळपास तेवढेच.
छाटणीत काय चुकलं
हे मी बागाईतदारांना फेब्रुवारीत सांगत आले,
मण्याकडे बघून, जरा तोऱ्यातच.

आता जेवण झालं की भास्करबरोबर गोदापार्कला जाते.
चालत्या पायांची शटरं म्हणे
शिट्टीशिवायही उघडतात.
भास्कर पुढं, मी मागं, बोलणं फारसं नाही,
नदीवर कुणाच्या तरी टॉर्चचा उजेड.
पानात भाकरी अर्धी, मटकी दुप्पट,
आधी काकडी, मग बाकीचं.
एकशे साठ. एकशे एकोणऐंशी. एकशे बेचाळीस.
रेघ खाली गेली की आनंद होतो,
हे अजून अंगवळणी पडलेलं नाही.

आज दिंडोरीची गाडी आली.
मणी चिरडला, काच उजेडाला धरली.
एकोणीस.
"काढा," मी म्हणाले.
आणि बोट ओठांकडे निघालं.
एकवीस वर्षं, दिवसाला साठ-सत्तर थेंब,
हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.
मलाच ठाऊक नव्हतं.

नळ सोडला. बोट खाली धरलं.
सुईचा ठिपका पाण्यात बराच वेळ दिसत होता.
रंगनाथनं विचारलं, "बाई, गोड नाही का यंदा?"